परवान्याचा कर्ता

गल्लीत बाईंना नावाने कुणी ओळखत नसे. 'कर्ताबाई' म्हटलं की दूधवालासुद्धा बरोबर त्यांच्या जिन्याकडे बोट दाखवायचा. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत व्याकरण शिकवलं होतं आणि त्या एकतीस वर्षांत एक प्रश्न इतक्या वेळा विचारला होता, की तो त्यांच्या नावालाच चिकटून बसला. मूल उठून म्हणायचं, "बाई, काच फुटली." बाई चष्म्यावरून बघायच्या. "फुटली? स्वतःहून? कर्ता कोण?" मग कुठल्यातरी बाकावरून एक हात अर्धवट वर यायचा. "मी फोडली, बाई." "हां. आता वाक्य पायावर उभं राहिलं. बस खाली." त्यापुढे ना छडी, ना दंड. केलेल्या कामामागे माणूस उभा दिसला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे मौन. रोज सकाळी सहा ते सात त्या बोलत नसत. एकवीस वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. अंगात ताप असताना नाही, यजमान गेले त्या आठवड्यातही नाही. अंघोळ, दिवा, मग खिडकीशी सतरंजीवर बसून तासभर नाम. "दिवसभर आपणच बोलायचं, तर पहिला तास त्याला द्यावा," असं त्या म्हणत. त्या तासात दार वाजलं तर मान हलवायच्या, फारच अडलं तर कागदावर लिहायच्या. लिहायला हाताशी असायची ती लाल पेन्सिल. दुसरी कुठली त्या घरात टिकतच नसे.

मुलगी छत्तीस वर्षांची, भौतिकशास्त्राची शिक्षिका. पण घरात अजून 'बेबी'. नऊ वर्षं ती एकाच शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, आणि दर वर्षाअखेरीस यादीत नाव लागतं की नाही याची धाकधूक. प्रयोगशाळेला काचेची कपाटं होती, पण कपाटांत काही नव्हतं. बेबीने सायकलच्या जुन्या रिमची कप्पी केली, सलाइनच्या नळीची पाणसळ केली. त्या पाणसळीवर तिने परदेशातल्या एका शाळेला लॅपटॉपवरून वीस मिनिटांचा नमुना पाठ दिला. नळीत रंगीत पाणी भरून स्वतःच्याच स्वयंपाकघरातली फळी किती तिरकी आहे ते सिद्ध करून दाखवलं. तिकडचे तिघं परीक्षक हसले, आणि मग हसता हसता वहीत लिहायला लागले. आठ दिवसांनी निवड झाल्याचं कळलं. बाईंनी फळीकडे बघितलं. बारा वर्षं त्यांना वाटत होतं, डबे आपोआप सरकतात.

नेमणुकीचं पत्र आणलं ते एजंटने. त्याला घरातले सगळे 'होऊनजाईल' म्हणत, अर्थात त्याच्या माघारी. कागद कमी आहे? होऊन जाईल. तारीख उलटली? होऊन जाईल. संध्याकाळी तो आला, दोन कप चहा प्याला आणि पत्राची घडी उलगडून म्हणाला, "मॅडम, आता उशीर नको. उद्या सही करून पाठवायचं. पाहुण्यांचा व्हिसा मी काढतो, त्याच्यावर जायचं, शिकवायला सुरुवात करायची. कामाचा परवाना काय, तिथं पोचल्यावर होऊन जाईल."

"आणि परवान्याची फी?" बेबीने विचारलं.

"ती आत्ता तुम्ही भरायची. मागाहून मिळून जाईल."

"कोण देईल?" बाईंनी विचारलं.

"मिळून जाईल हो, बाई."

"ते कळलं. देईल कोण?"

होऊनजाईलने कप खाली ठेवला आणि हसून बेबीकडे वळला. "तुमच्या आई म्हणजे ना, अगदी शाळामास्तरीण! अहो, सगळ्या अशाच जातात. आतापर्यंत कुणाचं अडलंय?"

फी बेबीच्या सहा महिन्यांच्या तासिकांइतकी होती. मामा, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, तिथंच बसला होता. कोपऱ्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान. तो लगेच म्हणाला, "दुकानातलं दुसरं मशीन काढून टाकतो मी. नाहीतरी कागद खातं नुसतं. भरून टाक पोरी, आणि मोकळी हो." पत्राच्या दोन प्रती त्यानेच काढून आणल्या.

बेबीने त्या प्रती उचलून ठेवल्या. पण रात्रीच्या जेवणात तिने आमटीत मीठ नाही हे ओळखलं नाही, तेव्हाच बाईंनी ओळखलं, की पोरीचं सही करायचं ठरलंय आणि ते तिच्या मनाला लागलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बाई सतरंजीवर होत्या. बेबीची सकाळची शाळा, तिची धावपळ चाललेली. तिने एक प्रत आईच्या पुढ्यात ठेवली. "आई, बघून ठेव गं. दुसरीवर मी सही केलीय. जाताना दोन्ही मामाकडे टाकते, तो स्कॅन करून पाठवेल."

बाईंनी पत्र वाचलं. इंग्रजी होतं, पण वाक्य म्हणजे वाक्य. पगाराचा परिच्छेद स्वच्छ होता: शाळा दरमहा अमुक देईल. सुट्ट्यांचाही ठीक होता. मग आलं ते सातवं कलम. त्याचा अर्थ असा, की कामाच्या परवान्याची व्यवस्था केली जाईल आणि त्याचा खर्च सोसला जाईल.

बाईंनी मान वर केली. बेबी वेणीला रबर लावत होती, तोंडात पिना. बोलायला अजून पंचवीस मिनिटं. मग बाईंनी पेन्सिल उचलली. 'केली जाईल'भोवती लाल गोल, 'सोसला जाईल'भोवती दुसरा. समासात मोठ्या अक्षरांत 'कर्ता?' आणि खाली 'पुन्हा लिहा'. हात चालू लागला की एकतीस वर्षांची सवय काही मध्येच थांबत नाही. पानाच्या तळाशी त्यांनी गुणही देऊन टाकले. दहापैकी चार.

ते पान बेबीने बघावं म्हणून त्या ते पुढे करतात तोच तिने घड्याळ पाहिलं, "बापरे, प्रार्थना चुकणार माझी!" म्हणून दोन्ही प्रती फायलीत कोंबल्या आणि जिना उतरूनही गेली. बाईंनी हात हलवला, चप्पल घालून दारापर्यंत गेल्या, पण आवाज काढला नाही. संध्याकाळी सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. स्कॅन तर सही केलेलं पानच होणार ना.

आता इथं या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही. लहानपणापासून मामाचा कुठलाही कागद, अगदी सुट्टीचा अर्जसुद्धा, ताईच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नव्हता. लाल खुणा नाहीत तो कच्चा कागद, आणि ज्याच्यावर खुणा आहेत तो ताईने तपासला, म्हणजे पक्का. दुकानाच्या पाटीवरसुद्धा ताईने एक अनुस्वार काढला होता. तेव्हा फाइल उघडून मामाने दोन प्रती पाहिल्या. एक कोरीकरकरीत, खाली नुसती एक सही. दुसरी छान तपासलेली. दुसरा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही.

दुपारी बेबी दुकानात शिरली तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, "गेलं बरं का पत्र! ताईने तपासलेली प्रत पाठवली, काळजी करू नको."

"तपासलेली म्हणजे?"

मामाने पान दाखवलं. बेबीने ते दोन्ही हातांनी धरलं. मग ती स्टुलावर बसली.

मामाला घेऊन घरी आल्यावर तिचा आवाज चढला नाही, हे बाईंना जास्त लागलं. "आई, नोकरीच्या पत्राला तू गुण दिलेस? दहापैकी चार?"

"ते तुझ्यासाठी होतं गं. संध्याकाळी बोलणार होते."

"आणि मामा, तुला ते पेपर तपासल्यासारखं दिसलं नाही?"

"दिसलं ना," मामा कळवळून म्हणाला. "म्हणूनच तर पाठवलं!"

बेबी हसली नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली एक माणूस शिडी लावून दिव्याच्या खांबाचं झाकण बसवत होता. ते बघत ती म्हणाली, "आई, नऊ वर्षं माझं नाव यादीत घेतलं जातं. तास दिले जातात. कापले जातात. त्याचा कर्ता कोण, हे मी विचारलं का कधी? विचारलं असतं तर पहिल्याच वर्षी घरी बसले असते. सगळी वाक्यं नाही गं तपासता येत माणसाला."

या वर्षीच्या यादीत नाव धरू नका, असं बेबीने मुख्याध्यापकांना आधीच सांगून टाकलं होतं. दुसऱ्या कुणा गरजू मुलीला जागा मिळावी म्हणून. म्हणजे ही शाळा सुटली होती, आणि ती शाळा एका लाल पेन्सिलीपायी जाते की काय, अशी वेळ आली होती.

"मी माफी मागते. सही केलेलं पान पाठवते," बेबी म्हणाली आणि लॅपटॉप उघडला. पण तिकडून आधीच निरोप येऊन पडला होता. उद्या तुमच्याकडच्या सकाळी साडेसहाला मुख्याध्यापिकांना व्हिडिओवर समोरासमोर बोलायचं आहे. पत्राविषयी.

साडेसहा, म्हणजे बाईंच्या मौनात.

"एक दिवस मौन पुढे ढकल ना, ताई," मामा म्हणाला. "सातनंतर धर. देवाला काय घड्याळ कळतं?"

"त्याला कळत नसेल. मला कळतं," बाई म्हणाल्या.

पहिल्या दोन तासांना येणार नाही असं बेबीने शाळेला कळवलं, आणि सकाळी निळा कुर्ता घातला, नमुना पाठाच्या वेळचाच. बाई सतरंजीवर, पडद्यावर दिसणार नाहीत अशा कोनात. मामा स्वयंपाकघराच्या दारात, तोंडावर हात ठेवून. जणू मौन त्याचंच होतं. मुख्याध्यापिका समोर आल्या. आखूड पिकलेले केस, गळ्यात चष्म्याची साखळी, मागे वेळापत्रकाचा फळा. बोलणं इंग्रजीत होतं, पण बाईंना ते सगळं कळत होतं.

"तुमच्या पत्रावरून इथल्या कचेरीत कालपासून वाद चाललाय," त्या लाल खुणांचं पान उचलून म्हणाल्या. "एक म्हणतो ही तुमची सही, दुसरा म्हणतो तक्रार. काय आहे हे?"

सही केलेलं पान बेबीच्या हाताशी होतं. माफीची वाक्यं तिने रात्री कागदावर लिहून ठेवली होती. तिने तो कागद उलटा करून ठेवला.

"माझ्या आईने पत्र तपासलंय."

"आई वकील आहेत?"

"नाही. व्याकरणाच्या शिक्षिका."

मुख्याध्यापिकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हा शब्द काय आहे?"

"कर्ता. म्हणजे काम करणारा. व्यवस्था केली जाईल आणि खर्च सोसला जाईल, असं तुम्ही लिहिलंय. ती विचारते, कोण करेल आणि कोण सोसेल?"

"आणि तळाशी हा आकडा?"

"ते गुण आहेत. दहापैकी चार."

मामाने कपाळावर हात मारला, त्याचा आवाज झाला. बाईंनी डोळे मिटले.

"चार तरी कशाचे दिले?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

बेबीने आईकडे बघितलंही नाही. "दोन शुद्धलेखनाचे. दोन पगाराच्या परिच्छेदाचे. तिथं 'शाळा देईल' असं सरळ लिहिलंय."

बाईंनी डोळे उघडले. अगदी बरोबर होतं. कसे दिले ते त्यांनी तिला सांगितलेलंसुद्धा नव्हतं.

"बाहेरून आलेल्या शिक्षिका हे आपलं आपण बघतात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आजवर कुणी विचारलं नाही."

"भीती वाटली असेल त्यांना. मलाही वाटते आहे." बेबीने खुर्ची पडद्याजवळ ओढली. "मॅडम, माझा पासपोर्ट माझा, दाखले माझे, तब्येतीची तपासणी माझ्या शरीराची. ते सगळं मी करीन, माझ्या खर्चाने. पण परवाना तुमच्या शाळेतल्या जागेचा आहे. अर्ज शाळेच्या नावाने होतो. मी शाळा सोडली तर तो माझ्याबरोबर येत नाही, तिथंच संपतो. जे माझ्याबरोबर येणारच नाही, ते मी विकत का घ्यायचं?"

मुख्याध्यापिकांनी पान खाली ठेवलं. त्यांचा स्वर आता कचेरीचा राहिला नाही. "तुम्हाला खरं सांगते. पूर्वी आम्ही भरत होतो. गणिताचा एक शिक्षक आला, त्याचं सगळं शाळेने केलं. अडीच महिन्यांत जास्त पगारावर दुसरीकडे गेला. मंडळाने मला विचारलं, कुणाच्या भरवशावर भरलेत? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते वाक्य असं लिहायला लागलो आम्ही. म्हणजे कुणाच्याच अंगावर येऊ नये."

बाईंच्या ओठांवर शब्द आले. एकाने केलं त्याची शिक्षा साऱ्या वर्गाला का? किती वेळा त्यांनी हे इतर शिक्षकांना सुनावलं होतं! घड्याळात सहा अठ्ठेचाळीस झाले होते. मुलीची नोकरी समोर टांगलेली, उत्तर तयार आणि जीभ आपणच बंद केलेली. बारा मिनिटांचा प्रश्न, देव समजून घेईल, असंही वाटून गेलं. त्यांनी सतरंजीची कड मुठीत धरली.

बेबी विचार करत होती. घाई न करता, फळ्यावर गणित अडलं की ती करायची तसा. मग म्हणाली, "मग त्या कलमात माझं एक वाक्य घाला. वर्षभराच्या आत मी स्वतःहून शाळा सोडली, तर उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने परवान्याचा खर्च मी शाळेला परत करीन. 'मी परत करीन', असंच लिहा. त्याखाली मी आनंदाने सही करते."

तिकडे मुख्याध्यापिकांनी पेन उचलून काहीतरी टिपून घेतलं.

"आणि एक," बेबी म्हणाली. "एजंट सांगतात, पाहुणी म्हणून या, शिकवायला लागा, परवाना मागाहून. ते मला जमणार नाही. वर्गात शिरताना मुलं दारात थांबून विचारतात, येऊ का? मीच न विचारता कशी येऊ?"

"म्हणजे सत्र सुरू होऊन दीड महिना वर्गाला भौतिकशास्त्र नाही."

"हो. त्याचं मला वाईट वाटतं. तरी पण."

मुख्याध्यापिका मान हलवत म्हणाल्या, "मी एकटी ठरवू शकत नाही. मंडळापुढे ठेवते. नाही म्हणाले, तर मात्र आम्हाला दुसरी व्यक्ती बघावी लागेल." पडदा काळा झाला.

मामा दारात, बेबी खुर्चीत, बाई सतरंजीवर. सातला दोन मिनिटं कमी होती, आणि ती दोन मिनिटंही बाईंनी पूर्ण केली. मग त्या उठल्या, लेकीजवळ गेल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू ते परतफेडीचं बोललीस ना, ते मला नसतं सुचलं," त्या म्हणाल्या. "मी त्यांची चूक दाखवून मोकळी झाले असते."

"आई, नोकरी गेली तर?"

"तर गेली. पण काय शिकवलंस गं त्यांना!"

बेबीने तोंड आईच्या पदरात खुपसलं. रडते की हसते ते मामाला कळेना, म्हणून तो चहा टाकायला गेला आणि साखर दोनदा घातली.

होऊनजाईल तिसऱ्या दिवशी आला. चहाला नाही म्हणाला, यावरूनच काय ते समजलं. "बाई, काय करून बसलात हे! माझ्याकडच्या आणखी दोघी त्याच शाळेत निघाल्या होत्या. आता त्याही विचारतायत, फी कोण भरणार म्हणून. नाही होणार आता काही."

"तुमच्या तोंडून 'नाही होणार' पहिल्यांदाच ऐकलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "बसा तरी."

तो बसला नाही.

दिवस मात्र जाता जात नव्हते. बेबी शाळेत जात होती, शेवटच्या महिन्याचे तास घेत होती, स्वतः करून कपाटात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर ती कशी वापरायची याची चिठ्ठी चिकटवत होती, पुढे येणाऱ्या शिक्षिकेसाठी. नव्या वर्षाची यादी लागली. तिच्या नावाच्या जागी दुसरं नाव होतं. ते तिने घरी येऊन सांगितलं आणि भांडी घासायला घेतली. बाईंचा एक नेम होता, देवाकडे काही मागायचं नाही. त्या आठवड्यात तो मोडायचा मोह त्यांना रोज सकाळी झाला. नोकरी मिळू दे, असं मनात यायचं आणि त्या ते बाजूला सारायच्या. आठव्या दिवशी अगदीच राहवेना, तेव्हा एवढंच म्हणाल्या, तिची मान आत्ता जशी ताठ आहे तशीच राहू दे. हे मागणं झालं की नाही, याबद्दल त्या नंतर बराच वेळ स्वतःशीच वाद घालत बसल्या.

अकराव्या दिवशी नवं पत्र आलं. मामाने ते छापून जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत आणलं आणि धापा टाकत बेबीच्या हातात दिलं. "मी वाचलं नाही. शपथ. नुसतं सातवं कलम वाचलं."

बेबीने मोठ्याने वाचलं. परवान्यासाठी शाळा अर्ज करील. त्याचा सर्व खर्च शाळा करील. शिक्षिकेने वर्षाच्या आत स्वतःहून नोकरी सोडल्यास उरलेल्या काळाचा खर्च ती परत करील. परवाना हाती येईपर्यंत शिक्षिकेने रुजू व्हायचं नाही. सोबत मुख्याध्यापिकांच्या चार ओळी होत्या: या वर्षापासून बाहेरच्या प्रत्येक शिक्षकासाठी हेच कलम राहील, मंडळात एकाने विरोध केला, पण परतफेडीचं वाक्य वाचून दाखवल्यावर तो गप्प बसला. विमानाचं तिकीट मात्र तुम्हालाच काढावं लागेल, क्षमस्व.

"तिकीट तर मीच काढणार," बेबी म्हणाली. "प्रवास माझा आहे." आणि तिने तिथंच, उभ्या उभ्या, भिंतीवर कागद टेकवून सही केली.

मामाला आता कंठ फुटला. "बघितलंत? मी ती प्रत पाठवली नसती तर? कुणाला काही वाटतं का माझ्याबद्दल?"

"वाटतं ना," बेबी म्हणाली. "पण तू ते मुद्दाम केलंस असं लोकांना सांगू नकोस म्हणजे झालं."

"मी कशाला सांगू? लोक आपोआप समजतील," मामा म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने ते सांगितलं.

परवाना यायला सात आठवडे लागले. त्या काळात बेबी घरीच होती, आणि लोक विचारायचे ते विचारायचेच. परवाना आला त्याच दिवशी दुपारी बाई भाजी घेऊन येत होत्या, तेव्हा जिन्याखाली तळमजल्यावरच्या वहिनी भेटल्या. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी असाच बाहेर गेला होता. घरातले दागिने मोडून, पाहुण्याच्या व्हिसावर. अजूनही फोनवर तो पत्ता नीट सांगत नसे.

"जाते म्हणे बेबी," वहिनी म्हणाल्या. "किती भरलेत हो?"

"काही नाही."

"काही नाही कसं? कुणाला तरी द्यावेच लागतात. आम्हाला नाही का द्यावे लागले?"

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. वहिनींच्या मुलाविषयी त्यांच्या मनात फक्त माया होती, आणि आपलं बोलणं वहिनींना लागू नये असं फार वाटत होतं. त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, शाळेने बोलावलंय तिला. परवाना त्यांनीच काढला, त्यांच्याच खर्चाने."

"बोलावलंय?" वहिनींनी तो शब्द परत एकदा म्हणून पाहिला, कापडाचा पोत बोटांनी बघावा तसा. मग म्हणाल्या, "आमच्या पोराच्या तिथल्या कामाची मुदत आता संपेल. पुढल्या नोकरीचं पत्र आलं, की तुम्हाला दाखवू का एकदा?"

"अवश्य," बाई म्हणाल्या. "पत्र आलं की लगेच या. बेबी निघायच्या आत आलात तर बरं. तिला जास्त कळतं माझ्यापेक्षा."

हे वाक्य म्हणताना त्यांना स्वतःलाच ते इतकं आवडलं, की जिना चढताना त्या पहिल्या वळणावर थांबल्या. वर बेबीच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, अडकल्याचा आला, पुन्हा ओढल्याचा आला. दम लागला नव्हता, तरी बाई कठड्याला हात धरून थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या.